गाळलेलं नाव

साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नगरला मिशनच्या वसतिगृहात राहून मराठी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या आणि कोपरगाव तालुक्यात घरी परत आले होते. वडील त्याच कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटवून साखर होते ती मोठ्या बंद भांड्यांत. त्यांना पॅन म्हणतात. आतला पाक काचपट्टीवर घेऊन, उजेडाकडे धरून, दाणा कुठवर आलाय ते सांगणारा माणूस म्हणजे पॅनमन. बाबा काचेवर बघायचेच, पण त्याआधी दोन बोटांत पाक घेऊन ताणायचे आणि मान हलवायचे. त्यांची मान हलेपर्यंत चीफ केमिस्टसुद्धा बाजूला गप्प उभे राहायचे.

तोवर कारखान्यात माणूस लागायचा तो तोंडी. जुने मॅनेजर सकाळी फाटकापाशी उभे राहायचे, "हात दाखव," म्हणायचे, तळवे बघायचे आणि "उद्यापासून ये" म्हणून मोकळे व्हायचे. हजेरीपुस्तकात नाव चढायचं, वय माणूस सांगेल ते. कोण कुठल्या गावचा, कोण दारू पितो, कुणाची बायको माहेरी गेलीय, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. तोंडाचे फार फाटके होते. पण कामावरून हाकललेला माणूस चार दिवस त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला की त्याला परत घ्यायचे.

ते गेले आणि नवे मॅनेजर आले. त्यांनी 'कर्मचारी विभाग' अशी पाटी लावून एक नवीन खोली उघडली आणि तिथं पुण्याहून एक अधिकारी आणून बसवले. तिशीचे, चष्मेवाले, याच विषयाचं कॉलेजात शिकून आलेले. त्यांच्या हाताखाली एक क्लार्क आणि टायपिंगला मी. साहेब झाडूवाल्यालाही "बसा" म्हणायचे, कुणाला अरे-तुरे करायचे नाहीत. आणि लोक त्यांना घाबरायला लागले.

"शिव्या देनारा मानूस कळतो तरी," काका म्हणाले होते. "ह्यो नुसता हसतो आन् लिवून घेतो. ह्याचं काय समजायचं?"

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. बाबांच्याच गावचे, नेवाशाकडचे. दोघं एका मिशनच्या शाळेत दोन-तीन इयत्ता शिकलेले, एका देवळात, म्हणजे चर्चात, उपासनेला बसलेले. बाबांनीच त्यांना या कारखान्यात आणलं होतं. ते गव्हाणीवर होते, म्हणजे ऊस जिथून चरकाकडे जातो त्या सरकत्या पट्ट्यावर. मोळ्या ओढून सारख्या करायचं काम. कारखान्याच्या चाळीत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. काकू भाकरी थापायला लागल्या की आम्हाला आवाज यायचा.

साहेबांचं पहिलं काम होतं प्रत्येक कायम कामगाराचं सेवापत्रक करायचं. चार पानी जाड कागद. नाव, गाव, शिक्षण, कुटुंबात कोण, अंगठ्याचा ठसा, फोटो, आणि जन्मतारीख, तीही पुराव्यासकट. कोपरगावहून फोटोग्राफर आला. त्यानं गोदामाच्या भिंतीवर चादर टांगली आणि माणसं एकेक करून स्टुलावर बसवली. बॉयलरवरची दोन-तीन माणसं बसेनात. "आमी काय चोर हाय का, फोटो काढायला?" म्हणाली. पोलिसात फोटो देणार, अशी कुणीतरी कंडी पिकवली होती. मी पाट्या लिहून देत होते, फोटोत छातीशी धरायच्या नंबराच्या. माणसं तो नंबर हातात घेऊन माझ्याकडे बघायची. पॅनमनची पोर म्हणून ओळखायची मला सगळी. तरी त्या दिवशी त्यांच्या नजरा निराळ्या होत्या. मी त्यांच्यातली राहिले नव्हते.

मग नियम आला. साठ पूर्ण झालेल्यांना निवृत्त करायचं.

पूर्वी असं काही नव्हतं. हात चालेना झाले की माणूस आपण होऊन घरी बसायचा. आता कागद सांगणार होता. आणि दिवस कसे होते! सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. कालव्याला पाणी सुटेना, ऊस उभ्यानं वाळत होता, लोक तो जनावरांसाठी तोडून नेत होते. कारखान्याबाहेर पडलेल्या माणसाला दुष्काळी कामावर खडी फोडण्याखेरीज दुसरं काही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत माणसं एकमेकांना विचारायची, "तुजं किती लावलंय?" आणि कुणी खरं सांगायचं नाही.

बाबांचं पत्रक माझ्याच हाताखालून गेलं. वय चौपन्न. पुरावा: नाही.

मला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. आई गेली तेव्हा तिच्या पेटीत बायबलच्या पहिल्या पानावर सगळ्यांच्या जन्मतारखा लिहिलेल्या मी वाचल्या होत्या. बाबांची साठी झालीच होती. हा कारखाना उभा राहिला तेव्हा पस्तिशीच्या आतली माणसं हवी होती, म्हणून बाबांनी वय चोरलं होतं. तेव्हा कुणी विचारलं नाही. त्यांच्या बोटांकडे बघून घेतलं होतं.

मी पत्रक टाइप केलं, गठ्ठ्यात ठेवलं.  पुरावा नाही असे शेकड्यांनी होते. त्यांना डॉक्टरांपुढे उभं करायचं होतं, आणि डॉक्टर दात बघून अंदाज लिहिणार होते. बाबांचे दात धडधाकट होते. मी मनाशी म्हटलं, निभेल.

चार-पाच दिवसांनी साहेबांनी मला आत बोलावलं. समोर एक यादी होती.

"बाई, तुम्ही ख्रिस्ती ना? तुमच्याकडे बाप्तिस्म्याची नोंद ठेवतात म्हणे. जन्मतारखेसकट."

"हो साहेब."

"मग हे बरंच झालं," ते खूश होऊन म्हणाले. "आपल्याकडे बारा ख्रिस्ती कामगार आहेत, बहुतेक एकाच भागातले. त्यांना डॉक्टरची गरजच नाही. तिथल्या चर्चच्या पाळकांना पत्र लिहा, नोंदींचे उतारे मागवा. नावं यादीत आहेत."

त्यांना काही कळलं नव्हतं, एवढं नक्की. चांगला, पक्का पुरावा सापडला म्हणून माणूस आनंदला होता. बाकी सगळ्या कारखान्याचं वय अंदाजानं ठरणार होतं, आणि आमच्या बारा माणसांचं तेवढं शाईनं लिहिलेलं निघणार होतं.

यादीत बाबांचं नाव सातवं होतं. काकांचं आठवं.

मी मशीनवर कागद चढवला, खाली कार्बन घातला. एक ते सहा नावं टाइप केली. मग थांबले. क्लार्क समोरच बसला होता, पंख्याखाली पेपर वाचत.  मी बोट उचललं आणि सातव्या जागी काकांचं नाव टाइप केलं. पुढं आठ, नऊ, दहा, अकरा. पत्र काढलं, सहीला नेलं. साहेबांनी वरवर नजर फिरवली आणि सही केली. मी पाकीट बंद करून टपालात दिलं.

पत्राची एक स्थळप्रत, म्हणजे कार्बनखालची नक्कल, फायलीला लावावी लागते. ती मी लावली. यादीही त्याच फायलीत होती, दोन कागद सोडून. यादीत बारा, स्थळप्रतीत अकरा. कुणीही शेजारी शेजारी ठेवून मोजलं असतं तर झालं होतं माझं. यादी फाडून टाकावी असं रोज वाटायचं, आणि रोज धीर व्हायचा नाही. मी अजून कायम झाले नव्हते. साहेब फाइल मागायचे तेव्हा मी आधी तीच फाइल गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचे. साधी रजेची फाइल मागितली तरी सरकवायचे. घरी बाबा विचारायचे, "गप का गं?" मी म्हणायचे, डोकं दुखतंय. त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, याचीही भीतीच होती.

पाळकांचं उत्तर आलं. अकरा उतारे, एकेक वेगळ्या कागदावर, सुंदर अक्षरात. मी ते पत्रकांना जोडत गेले. दहा ठीक होते. मग काकांचा उतारा वाचला. साठी उलटून पाच महिने झाले होते.

निवृत्तीचं पत्र मीच टाइप केलं. 'आपणास कळविण्यात येते की,' अशी सुरुवात. महिनाअखेरपर्यंत मुदत. काकांना ते गव्हाणीवर जाऊन क्लार्कनं दिलं.

त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले. दिवे लागायची वेळ होती. बाबा कामावरून येऊन चहा पीत होते. काकांनी पत्र माझ्या हातात दिलं. "वाच बरं पोरी, क्लार्क काय म्हनला ते मला काय उमजलं न्हाई."

माझं मीच टाइप केलेलं मी वाचून दाखवलं. काका ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पत्र परत घेतलं, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"म्हंजे मी म्हातारा झालो," ते हसले. मग बाबांकडे वळून सहज म्हणाले, "तू तर माझ्याहून थोरला. तुजं पत्र कवा निघनार?"

त्यांच्या बोलण्यात काही काळंबेरं नव्हतं. दोघं बरोबर जातील, दुष्काळी कामाला बरोबर नाव घालतील, एवढंच त्यांच्या मनात असावं. पण मी बाबांची अर्धी भरलेली कपबशीच उचलून मोरीकडे निघाले. बाबांनी आधी कपबशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

काका गेल्यावर त्यांनी दार लोटलं. "काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. रडतच सांगितलं. त्यांनी मारलं नाही, ओरडलेही नाहीत. भिंतीपलीकडे काका-काकूंचं हळू बोलणं ऐकू येत होतं. त्यामुळे बाबाही हळूच बोलले.

"त्याला मी आनला हितं. माज्या शब्दावर आला त्यो."

"बाबा, तुम्ही काही बोलू नका. मला काढून टाकतील. दोघांचंही जाईल."

"व्हय," बाबा म्हणाले. "जाईल."

मग ते उठले आणि मला घेऊन शेजारी गेले. तिथं, काकूंच्या चुलीसमोर, त्यांनी मला सांगायला लावलं. मी खाली मान घालून सांगितलं.  मग काकांनी विचारलं, तेही बाबांना नाही, मला.

"बापाचं गाळलंस. मग माजं का न्हाई गाळलंस?"

याचं खरं उत्तर मला माहीत होतं. एक नाव सुटलं तर टायपिंगची चूक म्हणता आली असती. दोन सुटली असती तर कुणी मानलं नसतं. हे मी त्या दिवशी मशीनवर बसून, बोट उचललेलं असताना, नीट विचार करून ठरवलं होतं. काकांना मात्र ते सांगता आलं नाही.  काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती जळाली.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर बाबा ऑफिसात आले. अंगावर पाकाचे डाग असलेलाच शर्ट होता. मी मशीनवर होते. ते माझ्याकडे न बघता साहेबांच्या दारात उभे राहिले. "आत येऊ का?"

"या, बसा."

बाबा बसले नाहीत. "साहेब, माजं वय खोटं हाय. साठ होऊन गेली. त्या पत्रात माजं नाव न्हाई. पोरीनं गाळलं. चूक तिची, पन सुरवात माजी."

साहेबांनी फाइल मागवली. मीच नेऊन दिली.  त्यांनी यादी काढली, स्थळप्रत काढली, शेजारी शेजारी ठेवली. बोटानं मोजली. आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं होतं, ते संतापतील. ते उठले आणि आधी दार लावून घेतलं.

"बाई, खाली सही कुणाची आहे बघितलंत का?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "माझी. मॅनेजरसाहेब विचारतील, न वाचता सह्या करता काय? मी इथं येऊन वर्षसुद्धा झालं नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसाचंही एक सेवापत्रक आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात. ते आमच्याइतकेच भ्याले होते. त्यानं माझी भीती कमी झाली नाही. उलट वाढली. घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही.

साहेब म्हणाले, "तुम्हालाही महिनाअखेरचं पत्र द्यावं लागेल."

"द्या की," बाबा म्हणाले. "उद्याच द्या."

"उद्या नको!" साहेब पटकन म्हणाले. ऐन हंगामात दुसरा पॅनमन मिळणार नव्हता, हे शिकाऊ माणसालाही कळलं असतं. "हंगाम संपेपर्यंत तुम्हाला मुदतवाढ देता येईल. तशी तरतूद आहे. मी मॅनेजरसाहेबांशी बोलतो."

"गव्हाणीवरच्या माज्या दोस्ताला बी द्या मग."

"तिथं माणसं मिळतात हो. तरतूद कुशल कामगारांसाठी आहे."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बाबा कुणाला धमकी देणारे नव्हते. बोलताना त्यांचा आवाज कापत होता, हे मला जवळून नीट ऐकू आलं. "त्याला न्हाई तर मला बी नको. मी उद्यापासून येत न्हाई. पॅन तुमी बघा."

साहेब मॅनेजरांकडे गेले. आम्ही दोघं त्या बंद खोलीत उभे होतो, बाबा आणि मी. कारखान्याचा भोंगा झाला. बाबांच्या हातातली टोपी पिळून पिळून दोरीसारखी झाली होती. मी त्यांना असं भ्यालेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. अर्ध्या तासानं साहेब परत आले, घाम पुसत. दोघांनाही हंगाम संपेपर्यंत मुदत मिळाली होती. चीफ केमिस्ट मॅनेजरांच्या खोलीतच बसले होते म्हणून मिळाली, असं नंतर क्लार्क म्हणाला.

बाबा गेल्यावर साहेबांनी मला एक मजकूर सांगितला आणि टाइप करायला लावला. मलाच दिलेली ताकीद होती ती. 'आपण कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर केली आहे,' हे वाक्य मी स्वतःविषयी टाइप केलं, कार्बन घालून, दोन प्रतींत. 'हेतुपुरस्सर' लिहिताना एक अक्षर चुकलं. साहेबांनी कागद परत दिला. "पुन्हा करा," म्हणाले. एक प्रत मला मिळाली, दुसरी माझ्या पत्रकात गेली. त्यांनी मला काढलं नाही. मला काढायचं तर कारण मॅनेजरांना सांगावं लागलं असतं, आणि त्या पत्राखाली साहेबांचीच सही होती.

मुदत म्हणून मिळालेला हंगाम तीन आठवड्यांत आटोपला. ऊसच उरला नव्हता. शेवटचे दोन दिवस गाड्या आल्याच नाहीत, चरक रिकामा फिरवून बंद केला. बाबांनी शेवटच्या पॅनमधला पाक खाली सोडला, हात धुतले आणि घरी आले. चाळ सोडावी लागली नाही, कारण मी नोकरीत होते आणि खोली माझ्या नावावर झाली. काका-काकूंना मात्र खोली सोडावी लागली. ती गावाकडे गेली. काकांनी तिथं तलावाच्या कामावर नाव घातलं आणि वर्षभर खडी फोडली. बाबा महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना भेटायला जायचे, एक-दोन दिवस राहायचे. त्या दोघांत काही बिघडलं नाही. परत आल्यावर बाबा सांगायचे, काकांच्या हाताला फोड आलेत, काकूंचा खोकला वाढलाय. मी विचारायचे, "माझं काही विचारलं का?" बाबा विषय बदलायचे.

पुढं काका एकदा ऑफिसात आले. फंडाचा अर्ज भरायचा होता. तोवर मी कायम झाले होते आणि असे अर्ज भरायचं काम माझ्याकडेच होतं. खिडकीतून मला बघितलं त्यांनी. मी उठून खुर्ची पुढं केली. "सलाम, काका," आमच्या ख्रिस्ती रीतीनं म्हटलं.

"सलाम," ते म्हणाले, आणि क्लार्कच्या टेबलाकडे गेले. क्लार्कनं माझ्याकडे बोट केलं. काका म्हणाले, "तुमीच भरा, सायेब. मी थांबतो." ते उभेच राहिले. क्लार्कला वेळ व्हायला तास लागला. मी समोर बसून टाइप करत होते आणि एकही ओळ बिनचूक उमटत नव्हती. अर्ज भरून झाला. शाळेत शिकलेली सही काकांनी जपून, एकेक अक्षर काढत केली, क्लार्कला नमस्कार केला आणि एस.टी. चुकेल म्हणून घाईनं निघून गेले.